सामाईक बोट

बोट एकट्यानें घ्यावयाची तर खिशाला झेपत नाहीं. चौघांनीं मिळून घ्यावयाची तर चौघांचीं मनें सांभाळावीं लागतात. वर्गणी भरून एका नौकेचा उपयोग आळीपाळीनें करावयाचा, अशा मंडळांच्या योजना मोठ्या शहरांतील सुशिक्षित कुटुंबांपुढें अधूनमधून येतात. सभासद व्हावें कीं न व्हावें, हा प्रश्न घरांतील वडील माणसें बहुधा पैशाच्या हिशेबानें सोडवितात. प्रवेश फी किती, सालाची वर्गणी किती, वाट्याला दिवस किती येणार, एवढीं उत्तरें मिळालीं कीं विचार पुरा झाला असें त्यांना वाटतें. परंतु सामाईक नौकेंत पाय ठेवावा कीं नाहीं, हा प्रश्न फार जुना आहे, आणि तो ज्यांनीं ज्यांनीं केवळ वर्गणीच्या आंकड्यावर सोडविला त्यांचा इतिहास फारसा सुखाचा नाहीं.

या प्रश्नाचा विचार नागपूरच्या इतवारींत बसून करावा, हें प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. रविवारच्या बाजाराचें नांव धारण करणारी ही पेठ धान्याची, किराण्याची, कापडाची आणि सराफीची. मुंबईचें बंदर येथून लोहमार्गानें सुमारें ५२० मैल दूर. परंतु पेढीच्या गादीवर बसणाऱ्याला समुद्र दिसत नसला तरी समुद्राचें भाडें त्याला चुकत नाहीं. १८६७ सालीं रेल्वे नागपुरास येऊन पोंचली, आणि वऱ्हाड-नागपूरचा कापूस मुंबईच्या धक्क्याशीं पक्का बांधला गेला. मग मुंबईहून परदेशीं जाणाऱ्या मालाचें भाडें कोण ठरवितो, हा प्रश्न केवळ मुंबईचा राहिला नाहीं. भाडें चढलें तर त्याचा भार अखेर कापसाच्या भावावर पडावयाचा. असें नातें असल्यामुळेंच सामाईक बोटीच्या इतिहासांतील एका मोठ्या प्रकरणाचा आरंभ नागपुरांतील माणसापासून करतां येतो.

तत्पूर्वीं आपल्याकडील जुना कायदा पाहिला पाहिजे. याज्ञवल्क्यस्मृतींत ‘संभूयसमुत्थान’ नांवाचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. अनेकांनीं एकत्र येऊन केलेला उद्योग, असा त्या शब्दाचा अर्थ. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यांत विज्ञानेश्वरानें या स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली, आणि तिचा अधिकार महाराष्ट्रांत व विदर्भांत पुढें शतकानुशतकें मानला गेला. या प्रकरणांतील नियम थोडके पण नेमके आहेत. नफा आणि तोटा ज्याच्या त्याच्या भांडवलाच्या प्रमाणांत, किंवा आधीं ठरलें असेल त्याप्रमाणें, वांटून घ्यावा. भागीदारांनीं मना केलेलें काम कोणी केलें, किंवा कोणाच्या हलगर्जीपणानें नुकसान झालें, तर तें त्यानें एकट्यानें भरून द्यावें. संकटांतून माल वांचविणाऱ्याला त्याचा दहावा हिस्सा मिळावा. कपटानें वागणाऱ्या भागीदाराला नफा न देतां काढून टाकावें. स्वतः काम करण्यास जो असमर्थ असेल त्यानें तें दुसऱ्याकडून करवून घ्यावें.

मनुस्मृतींत तर प्रत्यक्ष नावेचाच नियम आहे. नावाड्यांच्या चुकीनें उतारूंचा माल नासला तर सर्व नावाड्यांनीं आपापल्या अंशाप्रमाणें तो भरून द्यावा. दैवी आपत्तीनें नासला तर त्यांना दंड नाहीं. या दोन्ही स्मृतींचा रोख लक्षांत घेण्यासारखा आहे. नफा कसा वांटावा यासाठीं त्यांनीं जेवढे शब्द खर्च केले त्याहून कितीतरी अधिक शब्द, दिवस फिरल्यावर काय करावें, यासाठीं खर्च केले आहेत. एकत्र येण्याची कसोटी लाभांत लागत नाहीं, ती संकटांत लागते, हें त्या स्मृतिकारांना पुरतें ठाऊक होतें.

आतां नागपूरकडे वळावयाचें. १८७४ सालीं जमशेटजी टाटा यांनीं १५ लाख रुपयांच्या भांडवलावर ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ स्थापन केली. गिरणीसाठीं त्यांनीं जुम्मा तलावाजवळची दलदलीची जमीन निवडली व ती भरून काढण्यास आरंभ केला. या कामीं नागपूरच्या एका मारवाडी सावकाराकडे पैसा मागितला असतां, जमिनींत सोनें गाडणाऱ्या माणसाला आपण पैसा देणार नाहीं, असें उत्तर त्यानें दिल्याची कथा प्रसिद्ध आहे. १ जानेवारी १८७७ रोजीं, म्हणजे व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलें त्याच दिवशीं, गिरणी सुरू झाली व ‘एम्प्रेस मिल’ या नांवानें ती पिढ्यान्‌पिढ्या नागपूरच्या तोंडीं राहिली. आज ती गिरणी चालत नाहीं. परंतु सावकाराच्या कथेचा उत्तरार्ध अद्याप सांगितला जातो. या गृहस्थानें जमिनींत सोनें गाडलें नाहीं, माती टाकली आणि सोनें काढलें, अशी कबुली त्या सावकारानें पुढें दिली म्हणतात.

ही कथा सांगणारे बहुधा सावकाराला हंसतात. तें न्यायाचें नाहीं. ज्या धंद्याची आपल्याला माहिती नाहीं त्यांत दुसऱ्यांच्या ठेवी गुंतवावयाच्या नाहींत, हा पेढीचा धर्म होता. त्यानें ‘नाहीं’ म्हटलें तें आरंभींच आणि तोंडावर म्हटलें. त्याच्या नकारानें टाटांचें काम अडलें नाहीं, कारण त्या पैशावर त्यांनीं आधींच विसंबून राहावें असें कांहीं घडलें नव्हतें. पुढें कांहीं वर्षांनीं त्याच जमशेटजींना निराळ्या प्रकारचीं माणसें भेटलीं. त्यांनीं प्रथम ‘होय’ म्हटलें, आणि त्या होकारानें जें नुकसान झालें तें सावकाराच्या नकारानें कधींहि झालें नसतें.

त्या काळीं मुंबईहून चीन-जपानकडे कापूस व सूत नेण्याचा मक्ता पी. अँड ओ. ही इंग्रज कंपनी, तिच्या जोडीला एक ऑस्ट्रियन व एक इटालियन कंपनी, अशा तिघांच्या हातीं होता. तिघांनीं संगनमतानें भाडें ठरवावें आणि व्यापाऱ्यांनीं तें मुकाट्यानें द्यावें, असा क्रम होता. १८९३ सालीं जमशेटजी जपानला गेले व तेथील ‘निप्पॉन युसेन कैशा’ या आगबोट कंपनीशीं त्यांनीं बोलणें लावलें. जपानी कंपनीनें अट घातली कीं, जोखीम दोघांनींहि सारखी उचलावी. टाटांनीं नुसता माल देऊन चालणार नाहीं, आपल्या बोटीहि चालविल्या पाहिजेत. जमशेटजींनीं ती मान्य केली. ‘अॅनी बॅरो’ नांवाची एक इंग्रजी बोट त्यांनीं भाड्यानें घेतली, पाठोपाठ ‘लिंडिस्फार्न’ नांवाची दुसरी घेतली, आणि ‘टाटा लाइन’ सुरू झाली. भाडें टनाला सुमारें १२ रुपयांपर्यंत उतरलें. मुंबईच्या व्यापाऱ्यांनीं आनंदानें पाठिंबा दिला. आपली बोट निघाली, असें म्हणण्यास त्यांना कांहींच खर्च नव्हता.

मग प्रतिपक्षानें आपलें शस्त्र उपसलें. पी. अँड ओ. कंपनीनें सुताचें भाडें टनाला दीड रुपयावर आणलें, आणि जपानला जाणारा कापूस तर फुकटहि नेण्याची तयारी दाखविली. शिवाय, टाटांच्या किंवा जपानी बोटींशीं आपला संबंध नाहीं असें लिहून देणाऱ्या व्यापाऱ्यांना भाड्यांत खास सूट मिळूं लागली. ‘लिंडिस्फार्न’ समुद्रावर जाण्याच्या योग्यतेची नाहीं, अशी आवईहि उठविण्यांत आली. जमशेटजींनीं सरकारकडे तक्रार केली, भाड्याच्या या युद्धावर एक पत्रक छापून वांटलें. उपयोग झाला नाहीं. कालपर्यंत पाठिंबा देणारे व्यापारी एकामागून एक स्वस्त बोटीकडे वळले. महिन्याला हजारों रुपयांची झीज सोसून अखेर टाटांना बोटी परत कराव्या लागल्या व टाटा लाइन बंद पडली. स्पर्धा संपल्यावर तें दीड रुपयाचें भाडेंहि राहिलें नाहीं.

या व्यापाऱ्यांना लोभी म्हणून मोकळें होणें सोपें आहे. परंतु त्यांच्यापैकीं प्रत्येकाच्या जागीं बसून पाहिलें तर कोडें उलगडतें. एकाच्या शंभर गांसड्या टाटांच्या बोटीवर न चढल्यानें टाटा लाइन बुडत नव्हती. आणि दुसऱ्या बोटीवर चढविल्यानें मात्र त्याचे रोख पैसे वांचत होते. बोट चालू राहावी अशी प्रत्येकाची इच्छा होती, पण ती दुसऱ्याच्या मालावर चालावी अशीहि प्रत्येकाचीच इच्छा होती. स्वस्त भाडें हें टाटांची बोट बंदरांत उभी आहे म्हणूनच मिळत आहे, ही गोष्ट त्यांना समजत नव्हती असें नाहीं. समजत होती, परंतु समजण्यापलीकडे त्यांना बांधून ठेवणारें कांहींच नव्हतें. त्यांनीं शब्द दिला होता, करार केला नव्हता.

जपानांत याच वेळीं काय झालें तें पाहिलें म्हणजे भेद स्पष्ट होतो. तेथील सूत कांतणाऱ्या गिरणीवाल्यांच्या संघानें निप्पॉन युसेन कैशाशीं लेखी करार केला होता. हिंदुस्थानांतून येणारा आपल्या सभासदांचा कापूस याच मार्गानें आणावयाचा, प्रतिपक्षानें भाडें कितीहि उतरविलें तरी ढळावयाचें नाहीं, असें त्या करारानें ठरलें. पलीकडे जवळजवळ फुकट माल जात असतां हे गिरणीवाले करारांतील भाडें भरीत राहिले. परिणाम असा झाला कीं, टाटांची बाजू कोसळली तरी जपानी बोटींची मुंबईची फेरी टिकली, आणि १८९६ सालीं पी. अँड ओ. मंडळींना त्यांच्याशीं तडजोड करावी लागली. जपानी सरकारचें पाठबळ पुढें मिळालें हें खरें. परंतु पहिलीं कठीण वर्षें सभासदांच्या सहीनें निघालीं. एकच समुद्र, एकच शत्रु, एकच वर्ष. एका किनाऱ्यावरील सभासदांनीं तोट्याचा वांटा आधीं लिहून दिला होता, दुसऱ्या किनाऱ्यावर तो कोणींच मागितला नव्हता.

स्वदेशीच्या चळवळींत हाच प्रश्न पुन्हां उभा राहिला, आणि या खेपेस तो मोठ्या व्यापाऱ्यांपुरता राहिला नाहीं. १९०६ सालीं तुतिकोरिन येथें टिळकांचे अनुयायी वकील व्ही. ओ. चिदंबरम्‌ पिल्लै यांनीं ‘स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी’ काढली. भांडवल १० लाख रुपये, त्याचे २५ रुपयांचे ४०,००० भाग. ज्याला कधींहि बोट घेतां आली नसती अशा माणसालाहि बोटीचा चाळीस हजारावा हिस्सा घेतां यावा, ही योजना नवी होती. ‘गॅलिया’ व ‘लाव्हो’ या दोन बोटी आल्या आणि तुतिकोरिन-कोलंबो फेरी सुरू झाली. पुन्हां तेंच घडलें. ब्रिटिश इंडिया कंपनीनें उतारूचें भाडें एका रुपयावर आणलें. स्वदेशी कंपनी आठ आण्यांवर आली. तेव्हां प्रतिपक्षानें फुकट प्रवास आणि वर एक छत्री देऊं केली. १९०८ च्या मार्चमध्यें पिल्लै यांना अटक झाली, पुढें जबर शिक्षा झाली, आणि १९११ सालीं कंपनी मोडीत निघाली. भागांची संख्या मोठी असली म्हणजे बोट बळकट होते असें नाहीं. सुकाणूवरचा एक हात काढून घेतला असतां दुसरा कोणता हात पुढें येणार, हें आधीं ठरलेलें नसेल तर चाळीस हजार भागहि काठावरच उभे राहतात.

आपल्या कोंकण किनाऱ्यावर याच वाऱ्यानें एक सहकारी आगबोट कंपनी जन्मास आली. तिचें कागदोपत्रीं नांव इंग्रजी व लांबलचक होतें. लोकांनीं तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हटलें. तिच्या बोटींना संतांचीं नांवें असत. गोऱ्या कंपनीच्या बोटींतून खालमानेनें जाणाऱ्या चाकरमान्याला ‘माझी’ या शब्दानें जें समाधान दिलें असेल त्याची किंमत रुपयांत करतां येणार नाहीं. परंतु जिव्हाळ्यालाहि एक मर्यादा आहे. याच परंपरेंतली ‘रामदास’ ही बोट १७ जुलै १९४७ रोजीं भर पावसाळ्यांत मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे जात असतां बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें समुद्रानें गिळलीं. नौका आपली म्हटल्यानें तिच्यावरची लाट लहान होत नाहीं. उतारू किती घ्यावे, पावसाळ्यांत बोट सोडावी कीं नाहीं, संकटाचा निरोप किनाऱ्याला कसा कळवावा, हे प्रश्न परक्या बोटीला जितक्या कठोरपणें विचारावयाचे तितक्याच कठोरपणें आपल्या बोटीलाहि विचारले पाहिजेत.

या बाबतींत शहाणपण शिकावयाचें तर तें कंपन्यांच्या कचेरींत न शोधतां कोळीवाड्यांत शोधावें. मासळी धरून होडी परत आली कीं मिळकतीचे वांटे पडतात. तांडेल आणि खलाशी यांचे वांटे तर असतातच. परंतु होडीचा वांटा निराळा आणि जाळ्यांचा वांटा निराळा काढण्याची रीत किनाऱ्यावर जुनी आहे. होडी झिजते, जाळें फाटतें. उद्यां दुरुस्तीस पैसा लागेल, तो आज मिळकतींतून बाजूला काढला नाहीं तर परवां कोणाच्याच वांट्याला कांहीं येणार नाहीं, हें ज्ञान त्या रीतींत सांठविलेलें आहे. १९१३ सालीं हिंदुस्थानांतील मच्छीमारांची पहिली सहकारी संस्था रत्नागिरीजवळ कर्ला येथें निघाली, हा योगायोग नसावा. सामाईक नौकेचा हिशेब ज्यांच्या अंगवळणीं पडला होता त्यांना सहकार हा शब्द नवा असला तरी वस्तु नवी नव्हती.

टाटा लाइन बंद पडल्यावर सुमारें पाव शतकानें हिंदी भांडवलाची बोट पुन्हां मोठ्या समुद्रावर आली. वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी व त्यांचे सहकारी यांनीं ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून ‘लॉयल्टी’ ही बोट घेतली, ‘सिंदिया’ कंपनी स्थापन केली, आणि ५ एप्रिल १९१९ रोजीं ती बोट मुंबईहून लंडनला निघाली. १९६४ पासून भारतांत हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. या कंपनीलाहि भाडें उतरविण्याच्या त्याच शस्त्रानें घेरण्यांत आलें. लॉर्ड इंचकेप यांनीं कंपनी विकत घेण्याची तयारी दाखविली. ती चालकांनीं नाकारली. मात्र १९२३ सालीं त्यांना दहा वर्षांचा एक करार पत्करावा लागला, आणि त्यानें किनाऱ्यावरील व्यापारांत त्यांच्या बोटींवर मर्यादा पडली. त्या कराराला पुष्कळांनीं मानहानि म्हटलें, आणि तें चुकीचें नव्हतें. परंतु कंपनी तरंगत राहिली. टाटांच्या वेळीं व्यापाऱ्यांनीं स्वस्त भाड्यासाठीं बोट सोडली. सिंदियाच्या चालकांनीं कडू घोट घेतला आणि बोट राखली.

या सर्व हकीकतींतून वर्गणी भरूं पाहणाऱ्या कुटुंबाला तीन प्रश्न मिळतात. पहिला प्रश्न तोट्याचा. कोंकण किनाऱ्यावर जूनपासून चार महिने लहान नौका ओढून ठेवाव्या लागतात; त्या काळांतहि रखवाली, रंगरोगण, डागडुजी चालूच असते. तो खर्च कोणीं व किती भरावा, आणि एकानें भरला नाहीं तर काय, हें लिहिलेलें आहे काय? दुसरा प्रश्न सुकाणूचा. नौका बाहेर काढावयाची कीं नाहीं हें ठरविण्याचा अधिकार कोणाला, आणि ज्याच्या हलगर्जीपणानें नुकसान होईल त्यानें तें भरावयाचें हा याज्ञवल्क्याचा नियम या मंडळींना मान्य आहे काय? तिसरा प्रश्न बाहेर पडण्याचा, आणि तोच सर्वांत अवघड. सभासदाला सोडून जाण्याची वाट असली पाहिजे, नाहींतर सभासदत्व म्हणजे बेडी होते. पण ती वाट इतकीहि सोपी असूं नये कीं समोरच्या धक्क्यावर कोणी छत्री फुकट देऊं लागतांच निम्मी नौका रिकामी व्हावी.

मंडळानें हे तीन प्रश्न कागदावर सोडविले असतील, तर उरतो तो चौथा, आणि तो मंडळाला विचारावयाचा नाहीं, घरांतच विचारावयाचा आहे. दोन वर्षांनीं हौस ओसरल्यावर, मुलें परगांवीं गेल्यावर, नौकेचे दिवस फुकट जाऊं लागल्यावर, आपण वर्गणी भरीत राहूं काय? उत्तर ‘होय’ असेल तर खुशाल सही करावी. खात्री नसेल तर नकार द्यावा. त्यांत कमीपणा नाहीं. १८७४ सालच्या त्या सावकारानें नकार दिला आणि फार तर स्वतःचा नफा गमावला. १८९३ सालच्या व्यापाऱ्यांनीं होकार दिला, ऐन वेळीं ते उतरले, आणि नुकसान झालें तें त्यांच्या शब्दावर विसंबून बोट हांकणाऱ्याचें. सामाईक बोटीला न चढणारा तिला बुडवीत नाहीं. चढून मध्येंच उतरणारा बुडवितो.